नॉस्फेरातु: त्या फॉरवर्डमधलं खरं किती

१९२२ च्या नॉस्फेरातु या जर्मन व्हॅम्पायरपटाबद्दलचा तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. त्यातला नट म्हणे खराखुरा व्हॅम्पायर होता, सिनेमा म्हणजे ड्रॅक्युला कादंबरीची सरळ कॉपी, कोर्टाने सगळ्या प्रिंट नष्ट केल्या आणि जगात एकच वाचली, स्टोरी स्पॅनिश फ्लूवरची, आणि एवढं करून दिग्दर्शक मुर्नाऊला हेही कळलं नाही की उन्हाने मरणारा त्याचा व्हॅम्पायर ऑर्लॉक भरदिवसा शवपेटी काखेत मारून गावातून चाललाय.

नटाचं आधी उरकून टाकू. माक्स श्रेक हा मुळात नाटकवाला, राइनहार्टच्या कंपनीत काम केलेला, १९२४ मध्ये मुर्नाऊच्याच एका कॉमेडीत दिसतो, १९३६ मध्ये म्युनिकला वारला. तो खरा व्हॅम्पायर होता या कल्पनेवर २००० साली एक अख्खा सिनेमा निघाला, लोक त्यालाच डॉक्युमेंटरी समजले की काय देव जाणे.

उन्हाच्या मुद्द्यावर तर मला हसूच येतं. तेव्हाच्या फिल्मवर रात्री बाहेर शूटिंग करणं जमण्यासारखं नव्हतं, मग शूट दिवसा करायचं आणि प्रिंटचा तेवढा भाग निळा रंगवायचा, निळं दिसलं की रात्र हे थिएटरात बसलेल्याला सांगावं लागत नसे. पुढे स्वस्तातल्या ब्लॅक अँड व्हाइट कॉप्या निघाल्या, त्यात निळा रंग गेला आणि रात्रीची दुपार झाली. रिस्टोअर केलेली प्रिंट बघा, तो शवपेटीवाला सीन निळाच आहे. आणि उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे कादंबरीत नाहीच! १८९७ च्या पुस्तकात ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसा फिरतो आणि शेवटी सुऱ्यांनी मरतो. ऊन ही या सिनेमाची देणगी, पुढचे कितीतरी व्हॅम्पायरपट तिच्यावरच जगलेत.

कोर्टाचं अर्धं खरं आहे. सिनेमा काढणाऱ्या प्राना फिल्म कंपनीने कादंबरीचे हक्क घेतले नव्हते, ड्रॅक्युलाचा लेखक स्टोकर याची बायको फ्लोरेन्स कोर्टात गेली, १९२५ मध्ये प्रिंट नष्ट करायचा आदेश निघाला, तोवर कंपनी केव्हाच बुडाली होती. पण प्रिंट परदेशात पोचल्या होत्या, आणि आजची चांगली आवृत्ती वेगवेगळ्या प्रिंट जुळवून केलीय, एकच वाचली असती तर जुळवलं काय?

तरी कॉपी म्हणाल तर सिनेमातल्या प्लेगचं काय करणार, तो कादंबरीत नाहीच. इथे ऑर्लॉक ज्यांना चावतो ते व्हॅम्पायर होत नाहीत, नुसते मरतात, आणि सिनेमातल्या विसबोर्ग गावच्या लोकांना वाटतं साथ आली. जहाज बंदराला लागतं तेव्हा कप्तान मेलेला, मग दवंडी, दारांवर खडूच्या फुल्या, अरुंद गल्लीतून एकामागे एक शवपेट्या. खरा गुन्हेगार कोण हे गावाला कळतच नाही, ते ऑर्लॉकच्या वेड्या झालेल्या हस्तकाच्या, नॉकच्या मागे दगड घेऊन धावतात. दवंडी काय, तर पेशंटला हॉस्पिटलात हलवू नका, रस्त्यात साथ पसरेल. आणि ड्रॅक्युला छापून आलं त्याच १८९७ मध्ये आपल्या पुण्यात रँडचे सोल्जर घरात घुसून माणसं हॉस्पिटलात नेत होते, एकदम उलटं.

राहिला स्पॅनिश फ्लू. १९२२ च्या बर्लिनकरांनी तो नुकताच भोगला होता, बघताना आठवला असेलच, पण स्टोरी १८३८ ची आहे, आणि निर्माता आल्बिन ग्राउ स्वतः महायुद्धात सर्बियातल्या शेतकऱ्याकडून ऐकलेली व्हॅम्पायरची गोष्ट सांगायचा. शिवाय फ्लू काही उंदरांनी पसरत नाही, आणि या सिनेमात पेटी फोडली की आधी उंदीरच बाहेर येतात.