काला आंब बघायला वेळ काढाच

'पानिपतात बघण्यासारखं काही नाही' हे तुमच्या पानिपतवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. संग्रहालय छोटं आहे, मान्य. पण शहराबाहेर काला आंबला, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या जागी गेलात का? ज्यावरून हे नाव पडलं ते आंब्याचं झाड आता नाही, त्या जागी विटांचा स्तंभ आहे आणि आजूबाजूला शेतं. आम्ही जानेवारीत गेलो होतो. धुकं इतकं, की दहा पावलांवरचं दिसेना. स्वेटर घालूनही मी कुडकुडत होतो. १४ जानेवारी १७६१ला आपली मराठ्यांची माणसं याच थंडीत उपाशीपोटी लढली, हे तिथे अंगावर आलं. आईने पिशवीतला तिळगूळ काढून स्तंभापाशी ठेवला. आणि हो, गावातली इब्राहिम लोदीची, म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईत मारल्या गेलेल्या दिल्लीच्या सुलतानाची कबरही चुकवू नका.