खुलासा : प्रॉस्ट 'सेनाचा प्रतिस्पर्धी' एवढाच नव्हता

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या चाहत्यांत एक विधान सर्रास फिरतं : फ्रान्सचा चालक अलँ प्रॉस्टला लोक ओळखतात ते ब्राझीलचा चालक आयर्टन सेनामुळे, आणि 1988 मध्ये एकाच मॅक्लारेन संघात असताना सेनाने त्याला गुणांत सपशेल मागे टाकलं. दोन्ही चूक.

1988 चा जगज्जेता सेनाच, त्यात वाद नाही. पण तेव्हाच्या नियमानुसार 16 पैकी सर्वोत्तम 11 शर्यतींचेच गुण धरले जात. त्या हिशेबाने सेना 90, प्रॉस्ट 87. सगळ्या शर्यती मोजल्या तर प्रॉस्टचे 105 होतात, सेनाचे 94! प्रॉस्ट त्या वर्षी 7 वेळा पहिला आणि 7 वेळा दुसरा आला. त्यातले 3 दुसरे क्रमांक हिशेबातून वगळले गेले.

राहिला प्रसिद्धीचा मुद्दा. सेना संघात येण्याआधीच प्रॉस्टने 1985 आणि 1986 ची अजिंक्यपदं जिंकली होती. पुढे 1989 आणि 1993 चीही. त्याच्या 51 विजयांचा विक्रम 2001 मध्ये जर्मन चालक मायकेल शूमाकरने मोडला. फ्रान्सचा दुसरा कोणी चालक अजून जगज्जेता झालेला नाही. सेनाच्या गाडी चालवण्यात थरार जास्त होता, हे मलाही मान्य. 'प्रोफेसर' म्हणून ओळखला जाणारा प्रॉस्ट मात्र टायर आणि इंधन राखत शांतपणे जिंकायचा. टीव्हीवर ते दिसतं कुठे?