पुढे २३, मागे २६

ऑगस्टमधल्या एका रात्री दीडच्या सुमाराला बायको पाणी प्यायला उठली, तेव्हा मी अंधारात मोबाइल नाकाशी धरून बसलो होतो.

"काय बघतोयस?"

"बटणं."

"शर्टाची?"

"टायरची."

ती पाणी पिऊन गुपचूप झोपली. काही उत्तरांवर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे तिला बावीस वर्षांत कळून चुकलंय.

बेत तसा सरळ होता. डिसेंबरात दहा दिवस रजा टाकायची, सायकलवर सामान बांधायचं, पुण्याहून ताम्हिणीनं कोकणात उतरायचं आणि समुद्राच्या कडेकडेनं गोवा गाठायचा. हरिहरेश्वर, केळशी, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. मधल्या खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या: बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड आणि शेवटची तेरेखोलची. सगळं मिळून सहाशेच्या आसपास किलोमीटर. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन भजी खाऊन परत येणाऱ्या माणसानं असला बेत करावा का, हा खरा प्रश्न होता. पण तो कुणी विचारलाच नाही, कारण मी सगळ्यांना टायरच्या प्रश्नात गुंतवून ठेवलं होतं.

तो प्रश्न काढला भाच्यानं. एरवी हा मुलगा दुधाची पिशवी आणायलाही उठत नाही. पण सायकलबद्दल त्याला सगळं ठाऊक असतं. "मामा, तू कंपनीनं दिलेल्या टायरवर जाणारेस?" असं त्याने ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात माणसं "तुम्ही अजून टेस्ट नाही केली?" असं विचारतात. "टेरेन मिक्स्ड आहे, मामा."

मिक्स्ड टेरेन हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. कोकणात त्याला रस्ता म्हणतात.

मग त्याने समजावलं. डांबरावर गुळगुळीत टायर पळतो. खडीवर बटणं, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे, लागतात. वाळूत टायर रुंद हवा, चिखलात बटणांमध्ये फट हवी, काट्यांसाठी जाड हवा आणि घाट चढायला हलका हवा. एका टायरमध्ये यातल्या फार तर तीन गोष्टी मिळतात. कुठल्या तीन, ते आपलं आपण ठरवायचं. आमच्या घरात रात्री भाजी कुठली करायची हे ठरायला पाऊण तास लागतो, हे तो विसरला असावा.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत चार हजारांहून जास्त किलोमीटर कच्च्या रस्त्यांवरून सायकल हाणणारे लोक आहेत. त्यांचे टायर वाचले. मग ते टायर कसे चुकीचे आहेत, हे सांगणाऱ्यांचं वाचलं. टायरांना नावं काय असतात! श्वालबे या जर्मन कंपनीचे टायर म्हणजे वसतिगृहातली पोरं वाटतात: रेसिंग राल्फ, नॉबी निक, रॉकेट रॉन, स्मार्ट सॅम, फॅट अल्बर्ट. कॉन्टिनेन्टलकडे सगळेच राजे. रेस किंग, क्रॉस किंग, माउंटन किंग. प्रजा कोण ते कळत नाही. आठवडाभर मी आणि भाचा जेवताना "राल्फ घसरतो" आणि "निक जड आहे" असं बोलत होतो. सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी जाताना बायकोला विचारलं, "हे राल्फ वगैरे ऑफिसातले का गं?"

त्यात धाग्यांची संख्या. एका इंचात ६० धागे की १२०? जास्त धागे म्हणजे टायर लवचीक आणि हलका, कमी म्हणजे दणकट. एवढी चौकशी मी लग्नात घेतलेल्या शालूचीही केली नव्हती.

तीन आठवड्यांनी मी मन घट्ट केलं आणि एक टायर मागवला. तो आला, सोसायटीतल्या दोघांनी हात लावून पाहिला, आणि मग तो चाकावर बसेना. मी २९ ऐवजी साडेसत्तावीस इंची मागवला होता. चूक सर्वस्वी माझी. पण त्या निमित्तानं इंचांवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि तेवढाच खरा. साडेसत्तावीस इंचीचा ५८४. माझ्या २९ इंचीचा ६२२. आमच्या वडिलांची काळी, दांडीची, २८ इंची सायकल अजून गावी पडवीत उभी आहे. दिवाळीत गेलो तेव्हा फडक्यानं तिचा टायर पुसून आकडा वाचला: ६३५. म्हणजे रिमपुरतं बोलायचं तर २९ हे २८ पेक्षा १३ मिलिमीटरनं लहान. वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मी दुकानात जाऊन ‘टायर दे रे’ म्हणायचो." पुढे काही बोलण्यासारखं राहिलं नाही.

आता टायर रस्त्याप्रमाणे निवडायचा तर आधी रस्ता कळला पाहिजे, म्हणून मी नोकरीत शिकलेली एकमेव कला वापरली आणि एक्सेल उघडलं. उपग्रहाच्या नकाशावर रस्ता इंच इंच मोठा करून पाहायचा आणि रंग भरायचा. डांबरी हिरवा, खडीचा पिवळा, कातळाचा लाल. बारा रात्री गेल्या. सहाशेपैकी साधारण पाचशे हिरवे निघाले. शहाण्या माणसानं तिथेच थांबून गुळगुळीत टायर घेतला असता. पण दक्षिण रत्नागिरीत एका सड्यावरून जाणारा ११ किलोमीटरचा तुकडा मला दिसला. नकाशात तो तपकिरी दोऱ्यासारखा होता. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. जांभा दुरून मऊ, लालसर, गावाकडच्या आठवणींसारखा दिसतो आणि जवळून नारळाच्या खवणीसारखा असतो. रात्री डोळे मिटले की मी त्या ११ किलोमीटरवर असायचो आणि माझ्या टायरची बाजू चिरली जायची. उरलेले ५८९ किलोमीटर माझ्या स्वप्नात कधी आलेच नाहीत.

काट्यांचं एक वेगळंच. अमेरिकेतले सायकलवाले ‘गोटहेड’ नावाच्या काट्याबद्दल ज्या भीतीनं लिहितात, ती वाचून मी हादरलो होतो. कसाही पडला तरी एक टोक वर, टायरमध्ये शिरला की घुसलाच. म्हटलं, बघू तरी या राक्षसाचं तोंड. फोटो मोठा केला आणि माझ्या टाचेनं त्याला आधी ओळखलं. सराटा! आजोळी बारामतीकडे माळावर अनवाणी पळताना ज्याच्यावर पाय पडला की आजी सुई घेऊन बसायची, तोच. मूळचा इकडचाच, म्हणजे जुन्या जगातला. तिकडे बाहेरून गेला आणि पसरला. परदेशात जाऊन नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही, तसंच काट्याचंही होत असावं. सराटा कोरड्या माळावरचा, माझ्या वाटेवर तो फार भेटणार नव्हता. तरीही आठवडाभर मी जाड टायरकडे झुकलो, निव्वळ ओळखीपोटी.

शेवटी नोव्हेंबर संपता संपता ठरलं. पुढे बटणांचा टायर, कारण पुढचं चाक घसरलं की माणूस थेट जमिनीवर. मागे जरा गुळगुळीत, कारण रेटायचं काम मागच्या चाकाचं. दोन्ही सव्वादोन इंच रुंद. कंपन्यांची नावं सांगत नाही, नाहीतर ते कसे चुकले हे मला पुन्हा ऐकावं लागेल. शेजारचे काका पार्किंगमध्ये दोन्ही चाकं निरखत उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक टायर भलताच पाठवला वाटतं. परत घेतात हल्ली, विचारून बघा."

आणि ट्यूब काढायची, कारण भाच्याच्या मते ट्यूब घालून जाणं म्हणजे पोहऱ्यानं पाणी शेंदण्यासारखं. टायरमध्ये शंभर मिली पांढरं द्रावण ओतायचं. काटा गेला की ते भोकात जाऊन आपोआप घट्ट होतं. वाचायला फार सोपं. हॉलमध्ये जुनी चादर अंथरली, टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावलं, द्रावण ओतलं आणि मी उभा पंप मारायला लागलो. टायरनं कड धरायची असते. तो धरेना. हवा जिकडून आत जाई तिकडूनच हसत बाहेर येई. तीनशेव्या दट्ट्याला एका बाजूनं ‘फट्’ असा आवाज होऊन कड बसली आणि दुसऱ्या बाजूनं द्रावणाचा फवारा पडद्यावर, टीव्हीवर, माझ्या चष्म्यावर आणि भाच्याच्या वाटीतल्या चिवड्यावर गेला.

बायको आली. तिनं बोट लावून पाहिलं, दोन बोटांमध्ये ताणून पाहिलं. "चीक आहे हा," ती म्हणाली. तिचं माहेर राजापूरकडचं. "पाणी काय चोळतोयस? खोबरेल लाव." फणस कापताना हाताला लावतात तसं खोबरेल लावलं आणि हात सुटले. ती तेलाची बाटली घेऊन कोचावर बसली आणि मी तळवे पुढे करून उभा, हे चित्र भाच्यानं फोनवर टिपून ठेवलेलं आहे. पडद्यावरचं मात्र निघालं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेऊन, पितळेची इवलीशी टोपी व्हॉल्व्हला लावून, कॉम्प्रेसरच्या एका दणक्यात दोन्ही टायर बसवले. गॅरेजवाल्या पोराला चार सेकंद लागले.

राहता राहिली हवा. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवायची. तो दगडावर दबतो, उड्या मारत नाही आणि पकड राहते. फार कमी ठेवली तर रिम दगडावर आपटते. मी स्वतःचं, सायकलचं आणि सामानाचं वजन केलं. माझं वजन भाच्यानं दोनदा करायला लावलं. हिशेब निघाला: पुढे २३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), मागे २६. डिजिटल गेज घेतला. एक आकडा जास्त झाला की ‘फुस्स’, कमी झाला की दोन दट्टे. मापताना निसटलेली हवा भरायची, भरलेली पुन्हा मापायची.

तर निघालो. रोज सकाळी, घरगुती खानावळीच्या अंगणात, तुळशीपाशी उकिडवा बसून मी २३ आणि २६ करायचो. केळशीला यजमानीणबाई आंबोळ्या करता करता बाहेर डोकावून म्हणाल्या, "ताप आहे का हो सायकलीला?" डांबरावर पुढची बटणं भुंग्यासारखी गुणगुणत होती, दाभोळपर्यंत बरं वाटलं, पुढे डोक्यात जायला लागलं.

पाचव्या दिवशी तो सडा आला. मी पाणी प्यायलो, हेल्मेटचा पट्टा आवळला, पुढच्या टायरमधली हवा एका आकड्यानं उतरवली आणि वळण घेतलं.

समोर डांबर होतं. असं डांबर की त्यात तोंड दिसावं. मधोमध पांढरे पट्टे, इतके ताजे की त्यांवरून जायला संकोच वाटला. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, लाल कातळ, लांबवर समुद्राची रेघ आणि मधून काळीभोर, गुळगुळीत अकरा किलोमीटर. चार महिन्यांची झोप मी पंचवीस मिनिटांत ओलांडली. वाटेत एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. तिला विचारलं, "हा रस्ता कधी झाला?" "दिवाळीत," ती म्हणाली. "बरो झालो ना?" मी म्हटलं, हो, बरा झाला.

त्याचा वचपा पुढच्या दोन दिवसांत निघाला. एक्सेलमध्ये जो पट्टा सगळ्यात गडद हिरवा होता, तोच रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला. मुठीएवढी खडी, घोट्यापर्यंत लाल धुरळा आणि अंगावरून जाणारे चिऱ्यांचे ट्रक. डांबरासाठी म्हणून मुद्दाम गुळगुळीत घेतलेला माझा मागचा टायर प्रत्येक चढाला जागच्या जागी गरगर फिरायचा. मी उतरायचो, ढकलायचो. तिसऱ्या चढावर एक डंपर थांबला आणि चालकानं आपुलकीनं विचारलं, "टायर गोटा झालाय का?"

पण पंक्चर म्हणाल तर सहाशे किलोमीटरमध्ये एकही नाही. दुखलं ते भलतीकडेच. ज्या वस्तूवर मी आठ दिवस बसणार होतो, तिच्याबद्दल मी चार महिन्यांत एक ओळही वाचली नव्हती.

तेरेखोलची खाडी ओलांडून केरीला उतरलो आणि तसाच हरमलला पोचलो. बायको गाडी घेऊन आली होती. एक दिवस दोघं समुद्रात पाय सोडून बसलो. मी बसलो म्हणजे उभा होतो. दुसऱ्या दिवशी सायकलची चाकं काढून ती मागच्या सीटवर आडवी घातली, सामान डिकीत कोंबलं आणि सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढायला लागलो. अर्ध्या घाटात गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक बसलेलं, बोटभर खिळा आत.

डिकीतलं सगळं रस्त्यावर काढलं. ओल्या चड्ड्या, काजूच्या पिशव्या, तंबू. माकडं कठड्यावर येऊन बसली. स्टेपनी बाहेर काढली, लावली, नट आवळले, जॅक खाली घेतला, आणि स्टेपनी दमलेल्या म्हशीसारखी फतकल मारून खाली बसली. डिजिटल गेज लावला. नऊ. गाडी घेतल्यापासून तिच्यात कुणी हवा भरलेली नव्हती. गाडीला पाच वर्षं झाली.

मोबाइलला रेंज नव्हती. मी सायकलचा वीतभर पंप काढला आणि रस्त्यावर मांडी घालायचा विचार आला तो सोडून, गुडघ्यांवर बसून दट्टे मारायला लागलो. चारशे चाळीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. बायको कठड्यावर माकडांपासून हातभर अंतरावर बसून मालवणी खाजं खात होती. बऱ्याच वेळानं तिनं पिशवीची घडी घातली.

"मागचं चाक आहे," ती म्हणाली. "म्हणजे सव्वीस ना रे?"