कार्ट्रिज इतकीही टाकाऊ नव्हती

व्हिडिओ गेमवरच्या तुमच्या लेखात ‘सीडी आली आणि कार्ट्रिज (गेमची चिप असलेली, यंत्रात खोचायची डबी) संपली’ असं एका वाक्यात उरकलंय, ते पटलं नाही. जागेच्या बाबतीत तुलनाच नव्हती, मान्य. पहिल्या प्लेस्टेशन या गेम-यंत्राच्या सीडीवर साधारण ६५० एमबी मावायचे, आणि त्याच्या स्पर्धक निन्टेंडो ६४ ची मोठ्यात मोठी कार्ट्रिज ६४ एमबीची. १९९७ चा फायनल फँटसी ७ हा गेम तर तीन सीडींवर आला. शिवाय सीडी छापायला स्वस्त.

पण वेगाचं काय? प्लेस्टेशनचा ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ३०० केबी वाचायचा, म्हणून दर थोड्या वेळाने ते ‘लोडिंग’ बघत बसायचं. कार्ट्रिजमध्ये थेट चिपच, त्यामुळे गेम लगेच सुरू. आणि प्लेस्टेशनवर दोन सीडींचा असलेला रेझिडेंट ईव्हिल २ हा गेम पुढे १९९९ मध्ये व्हिडिओंसकट निन्टेंडो ६४ च्या एकाच ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये कोंबला गेला, त्याचा साधा उल्लेखही नाही? (कार्ट्रिज, म्हणजे आपली ‘कॅसेट’, चालेना की आपण तिच्यात फुंकर मारायचो ना, तोंडातल्या ओलाव्याने तिच्या पिना उलट गंजायच्या!)

आता निन्टेंडोच्याच स्विच २ या नव्या गेम-यंत्राच्या गेम-की कार्डात तर गेम नसतोच, नुसती डाउनलोडची किल्ली. त्यापेक्षा ओरखडे पडलेली सीडी परवडली.