ब्लॉबफिश तसा दिसत नाही

गुलाबी लगदा, लोंबतं नाक, रडवेला चेहरा. ब्लॉबफिश या खोल समुद्रातल्या माशाचा तो फोटो फोनवर फिरतोच आहे आणि खाली मजकूर: ‘जगातला सर्वांत कुरूप मासा. वर आणला की फुग्यासारखा फुटतो. हाडं नाहीत, स्नायू नाहीत, जन्मभर नुसता पडून असतो.’

आधी फोटोचं. तो २००३ सालचा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या समुद्रातल्या संशोधन मोहिमेतला. हजार मीटरहून खोल पाण्यातून जाळ्यात ओढून आणलेला, मेलेला मासा आहे तो. तोंडाच्या कोपऱ्यात दिसणारं पिवळट काहीतरी तर त्याचं स्वतःचंही नाही, चिकटलेला परजीवी आहे. खाली, आपल्या घरी हा मासा बऱ्यापैकी माशासारखा दिसतो: मोठं डोकं, शेपटीकडे निमुळतं अंग, थोडा बेडकाच्या पिल्लासारखा.

‘फुटतो’ हे तर सपशेल चूक. फुटायला आत हवा लागते. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर ते तरंगतात. हजार मीटरवर दाब इथल्या शंभरपट. तिथे अशी पिशवी सांभाळणं महागात पडतं. ब्लॉबफिशला ती नाहीच. त्याचं मांसच जेलीसारखं, पाण्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून फारसे कष्ट न करता तो तळालगत तरंगतो. या मांसाला आकार देतं ते भोवतालचं पाणी. ते काढून घ्या, वर जाळ्यातली रगडपट्टी, मग काय उरणार? ताजा बोंबील परातीत कसा पसरतो ते आठवा. त्याला कुणी कुरूप म्हणत नाही, रवा लावून तळतो.

हाडं आहेत, पातळ आहेत. स्नायूही आहेत, कमी आहेत. अन्न दुर्मिळ असलेल्या ठिकाणी धावाधाव करून दमायचं कशाला? समोर आलेला खेकडा, गोगलगाय गिळायची. आणि ‘नुसता पडून’ म्हणाल, तर कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात याचा एक भाऊबंद हजारो अंड्यांच्या घरट्याला चिकटून बसलेला यंत्राच्या कॅमेऱ्यात सापडलाय.

राहिला कुरूपपणाचा किताब, खरा तर ‘जगातला सर्वांत कुरूप प्राणी’ असा. २०१३ मध्ये एका ब्रिटिश संस्थेने तो ऑनलाइन मतदानातून दिला. न-देखण्या प्राण्यांच्या संवर्धनाकडे लक्ष वेधायला, थट्टेच्या सुरात. फॉरवर्डमध्ये थट्टा तेवढी उरली. न्यूझीलंडच्या लोकांनी २०२५ मध्ये याच माशाला ‘वर्षातला मासा’ म्हणून निवडलं, ते मात्र कुणी पुढे ढकललं नाही.