भाडं किती यापेक्षा उरतं किती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लहान शहरातून मोठ्या, महागड्या शहरात बिऱ्हाड हलवण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि भीडभाड न ठेवता लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात: भाडं पगाराच्या 30 टक्क्यांत बसवा हे सूत्र पुस्तकी आहे, महाग शहरात ते कुणालाच जमत नाही. आधी तात्पुरती जागा घ्या आणि मग घर शोधा हा सल्ला सड्याफटिंग माणसाला ठीक, संसार असलेल्याने सामान दोनदा हलवायचं का? ऑफिसजवळच्या लहान घरापेक्षा तुम्ही लांबचं मोठं घर घेतलंत, दीड तास जाणं आणि दीड तास येणं पत्करलंत, आणि तुमचं काही बिघडलेलं नाही. शिवाय भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. आणि शेवटी, पगार 40 टक्क्यांनी वाढत असेल तर एवढा हिशोब मांडत बसायचं कारण काय, माणूस निभावून नेतोच.

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

40 टक्के वाढ ही बहुतेक वेळा कागदावरच्या पगारातली असते. कर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर वरच्या कमाईवर जास्त दराने कापला जातो आणि हातात पडणारी वाढ त्याहून कमी भरते. पण ते सोडून देऊ, हातातच 40 टक्के जास्त आले असं धरू. आजच्या शहरात महिन्याला 100 येतात. घराला 20, जाण्यायेण्याला 5, बाकी घरखर्च 45, शिल्लक 30. नव्या शहरात 140 येतात. घर दुप्पट, म्हणजे 40. प्रवास 12. घरखर्च 60. आजी-आजोबा किंवा शेजारी मुलांकडे बघत होते, ते आता नाहीत, म्हणून मुलांना सांभाळण्याचे 10. बेरीज 122, शिल्लक 18. पगार 40 टक्क्यांनी वाढला आणि शिल्लक 40 टक्क्यांनी घटली. पूर्वीइतके 30 उरायला हातात 152 यायला हवे होते. पगाराची बोलणी करताना हा आकडा खिशात नसेल, तर समोरच्याने टाकलेला आकडा मोठाच वाटतो.

या उदाहरणात भाडं किती टक्के झालं ते बघा: 140 पैकी 40, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. 30 टक्क्यांच्या सूत्रात व्यवस्थित बसतं, तरी घराची ओढाताण होते. उलट, ज्याच्या हातात 300 पडतात त्याने 120 चं घर घेतलं तर भाडं 40 टक्क्यांवर जातं, सूत्र मोडतं. पण प्रवासाला 12 आणि बाकी सगळ्याला 80 गेले तरी त्याच्याकडे 88 उरतात. सूत्र पाळणारा अडचणीत आणि मोडणारा मजेत! म्हणजे सूत्राबद्दल आपलं दोघांचं फारसं भांडण नाहीच. फक्त तुम्ही म्हणता ते जमत नाही म्हणून सोडा, आणि माझं म्हणणं आहे की ते जमलं तरी त्यावर विसंबू नका. मूळ लेखात मी ते पहिली चाळणी म्हणून दिलं होतं, त्यापुढे त्याची मजल नाही.

हे सूत्र आलं कुठून तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत 1969 साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या कायदादुरुस्तीने सरकारी घरांतल्या भाडेकरूंचं भाडं त्यांच्या उत्पन्नाच्या 25 टक्क्यांवर रोखलं गेलं. 1981 मध्ये ती मर्यादा 30 टक्के झाली. सरकारी घरात राहणाऱ्या गरीब कुटुंबाकडून जास्तीत जास्त किती घ्यायचं, एवढ्यापुरता तो नियम होता. पुढे तो घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात कसा पडला, देव जाणे. सगळ्यांना एकच टक्केवारी लावता येत नाही हे तर त्याच्या शंभर वर्षं आधीच दिसलं होतं. 1868 मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ हर्मान श्वाबे यांनी बर्लिनमधल्या कुटुंबांचे आकडे तपासले, तेव्हा जितकी कमाई कमी तितका तिचा मोठा हिस्सा भाड्यात जातो, असं आढळलं. त्यामुळे टक्केवारी बाजूला ठेवा. घर, प्रवास, खाणं, औषधं, शिक्षण, कर्जाचे हप्ते वजा केल्यावर महिनाअखेर किती रक्कम उरते, ती काढा. ती तुम्हाला पुरत असेल तर भाडं कितीही टक्के असो.

वरच्या हिशोबात मी एक गोष्ट मुद्दाम घेतली नव्हती. तुम्ही 'आमचा पगार' असं लिहिलंय, म्हणून विचारतो: एकाचा की दोघांचा? घरात येणाऱ्या 100 मध्ये एकाचे 65 आणि दुसऱ्याचे 35 असतील आणि बदली पहिल्याची असेल, तर 40 टक्के वाढ 65 वर मिळते. त्याचे 91 होतात. दुसऱ्याला नव्या शहरात काम मिळेपर्यंत घरात येणार 91, म्हणजे आजच्यापेक्षा 9 कमी, आणि तेही महाग शहरात. बढतीचे पेढे वाटताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्या दुसऱ्याला, आणि बहुतेक घरांत ती बायको असते, 'बघू, तिकडे मिळेलच काहीतरी' असं सांगून वेळ मारून नेली जाते. मला विचाराल तर तिला काम मिळायला सहा महिने लागतील असं धरून हिशोब मांडावा. लवकर मिळालं तर चांगलंच.

आता तुमच्या दीड तासाबद्दल. तुम्ही सुखात आहात हे मी खोडून काढू शकत नाही आणि काढायचंही नाही. पण रोजचे तीन तास आणि महिन्याचे 22 कामाचे दिवस धरले तर 66 तास होतात. पाऊण तासावर राहणाऱ्याचे 33. मधला फरक 33 तासांचा, म्हणजे जवळजवळ चार दिवसांची नोकरी, तीही बिनपगारी. मोठ्या घराचं भाडं त्याच्या पावतीवर दिसतं त्याहून जास्त आहे, एवढंच माझं म्हणणं.

शहराच्या केंद्रापासून लांब जावं तसं भाडं उतरतं आणि प्रवास चढतो, माणूस या दोन्हींचा तोल साधून घर निवडतो, हे अर्थतज्ज्ञ विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये नीट मांडून दाखवलं. त्या हिशोबाने लांब राहणाऱ्याला त्याच्या त्रासाची भरपाई स्वस्त किंवा मोठ्या घरातून मिळायला हवी. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या पाहणीतून ही भरपाई तपासली. ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान सरासरीने कमीच निघालं. माझा अंदाज असा की घराच्या जादा खोलीची आपल्याला दोन-तीन महिन्यांत सवय होते, रखडणाऱ्या गाडीची होत नाही, कारण ती रोज वेगळ्या ठिकाणी रखडते. सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे, हे कबूल. तुम्हाला गाडीत बसायला जागा मिळत असेल, वाचता येत असेल, तर तुमचे तीन तास आणि उभ्याने जाणाऱ्याचे तीन तास एका मापाने मोजता येणार नाहीत. पण नव्याने जाणाऱ्या माणसाला 'लांब घ्या, काही होत नाही' असं सरसकट सांगणं मला पटत नाही. घर आणि प्रवास हा एकच खर्च धरावा. शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था तसंच करते, दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांपर्यंत असेल तर परवडतं असं धरते. टक्केवारीबद्दलचं माझं मत वर आलंच आहे, पण दोन्हींची बेरीज करण्याची रीत योग्य आहे.

तात्पुरत्या जागेचा तुमचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तरीही माझा सल्ला मी बदलणार नाही. सगळ्या कुटुंबाने सामानासकट तात्पुरत्या जागेत जावं असं मी म्हणतच नाही. नोकरीवर रुजू होणाऱ्याने एकट्याने, एका बॅगेनिशी पुढे जावं. घरचे शाळेचं वर्ष संपेपर्यंत जुन्याच घरात राहतील. दोन चुली पेटतात, हे खरं, आणि तो खर्च आधीच मांडून ठेवायला हवा. पण त्या एक-दोन महिन्यांत जे कळतं ते फोटो बघून कळत नाही. नकाशावर दिसणारा प्रवासाचा वेळ तुम्ही रविवारी दुपारी बघितलेला असतो, जायचं असतं सोमवारी सकाळी नऊला. आणि घर दाखवायला आलेला एजंट आधी पुढे जाऊन सगळे दिवे लावतो, खिडक्या मात्र बंद ठेवतो. त्या उघडायच्या आणि दोन मिनिटं कुणाशीही न बोलता उभं राहायचं. रस्ता, कारखाना, शेजारचा पंप, जे काही असेल ते ऐकू येतं. मी नळही सोडून बघतो, मोबाइलला आतल्या खोलीत रेंज येते का तेही बघतो. एजंटला राग येतो, येऊ द्यावा.

चुकीचं घर एक वर्षाच्या कराराने गळ्यात पडलं तर काय होतं? लॉक-इनच्या, म्हणजे करारात घर न सोडण्याची जी मुदत ठरलेली असते तिच्या आत सोडलं की डिपॉझिटमधून कापून घेतात, दलाली पुन्हा द्यावी लागते आणि सामान पुन्हा हलतंच. म्हणजे जे दोनदा करायला नको म्हणून तात्पुरती जागा टाळली, तेच करावं लागतं, वर दंड भरून.

डिपॉझिटची आणखी एक पाचर असते, आणि ती शिल्लक बऱ्यापैकी असलेल्या माणसालाही नडते. नव्या घराचं डिपॉझिट किल्ली हातात पडायच्या आधी द्यावं लागतं, जुन्या घराचं परत मिळतं ते घर सोडल्यावर, तेही रंगाचे, दुरुस्तीचे पैसे कापून, मालकाच्या सवडीने. शेवटी हे पैसे आपलेच, म्हणून माणूस त्यांना खर्चात धरत नाही. पण मधल्या काळात ते कुठेच नसतात. त्याच महिन्यात आगाऊ भाडं, दलाली, सामानाची गाडी, नव्या घरात न बसणारे पडदे, आणि नवा पगार महिना भरल्याशिवाय येत नाही. म्हणून बचतीला हात न लावता या सगळ्यासाठी वेगळी रक्कम हवी. किमान तीन महिन्यांचा नव्या शहरातला पूर्ण खर्च आणि त्यावर डिपॉझिट, इतकी बेगमी नसेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी किंवा स्थलांतराचा खर्च कंपनीकडे मागावा. न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही.

भाडं पाण्यात जातं, याबद्दल थोडक्यात. कर्जाचं व्याज, नोंदणीचा खर्च, देखभाल हेही परत येत नाहीत. घराच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागा. उत्तर 15 च्या खाली आलं तर विकत घेण्याचा विचार करावा, 20 च्या बराच वर गेलं तर भाडं स्वस्त, असा एक ढोबळ आडाखा आहे. महाग शहरांत उत्तर बरेचदा वरच जातं. आणि नोकरी टिकते की नाही हे कळायच्या आधी, पहिल्याच वर्षी घर घेऊन बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमचा करार चार महिन्यांनी संपतोय आणि मालक भाडं वाढवून मागतोय. मग हे कराच. मागच्या तीन महिन्यांचा खरा खर्च काढा, तिघाचौघांचा प्रवास धरून. तुमच्याच मार्गावर, ऑफिसच्या बाजूला अर्ध्या अंतरावर, एक खोली कमी असलेल्या घराचं भाडं विचारा. ते भाडं आणि तिथून होणारा प्रवास यांची बेरीज तुमच्या वाढीव भाड्याच्या आणि आजच्या प्रवासाच्या बेरजेशेजारी ठेवा. फरक किरकोळ निघाला तर रोजचा दीड तास तुम्हाला जवळपास फुकट परत मिळतोय. फरक मोठा असेल तर आहात तिथेच राहा, पण मालकाशी वाढीबद्दल घासाघीस करा. चांगला भाडेकरू गेला की त्याचं घर रिकामं राहतं आणि तो महिना त्याच्या खिशातून जातो, हे त्यालाही ठाऊक असतं. आणि काहीही ठरलं तरी नवा करार सही होऊन हातात येईपर्यंत जुन्या घराची नोटीस देऊ नका.