स्पर्धेचे संगीत आणि समोर बसलेला श्रोता

आपल्याकडे ब्रास बँड म्हटले की लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते. उत्तर इंग्लंडमधल्या, विशेषतः यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या खाणींच्या व गिरण्यांच्या गावांत मात्र बँड ही गावाची इभ्रत असते आणि ती स्पर्धेत पणाला लागते. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे 1853 साली सुरू झालेली स्पर्धा आज 'ब्रिटिश ओपन' या नावाने चालू आहे. या परंपरेवर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

मोठ्या स्पर्धांत सगळे बँड बहुधा नेमून दिलेली एकच रचना वाजवतात, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि कोण वाजवत आहे हे कळू नये म्हणून परीक्षक पडद्याआड बसतात. ही पद्धत न्याय्य आहे, ती बदलू नये. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. पडद्याआडच्या कानांसाठी महिनोन्‌महिने घोटलेली रचना अनेक बँड जशीच्या तशी जाहीर कार्यक्रमात आणतात, नाहीतर श्रोत्यांना काही झेपणार नाही असे गृहीत धरून चित्रपटगीतांच्या मालिकेवर संध्याकाळ काढतात. दोन्हींत श्रोत्याचा विचार झालेलाच नसतो.

एकोणिसाव्या शतकात स्पर्धेतही ऑपेरांमधले निवडक भाग वाजत असत. ऑपेरागृहाची पायरी कधी न चढलेल्या गिरणी कामगारांनी रोसिनी आणि व्हेर्दी हे इटालियन ऑपेराकार ऐकले ते आपल्या गावच्या बँडकडूनच, आणि ते त्यांना भावले. 1913 साली राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचर यांची 'लेबर अँड लव्ह' ही खास बँडसाठी लिहिलेली रचना निवडली गेली; पुढे 1928 मध्ये होल्स्ट यांचा 'मूरसाइड सूट' आणि 1930 मध्ये एल्गार यांचा 'सेव्हर्न सूट' आला (सूट म्हणजे अनेक छोट्या भागांची रचना; दोघेही इंग्रज संगीतकार). 'मूरसाइड'मधला संथ नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांततेचा भाव असलेला भाग, वादकांची खरी परीक्षा घेतो, कारण पितळी वाद्य जोरात वाजवण्यापेक्षा हळू वाजवणे कितीतरी कठीण असते. श्वास जरा डळमळला की कॉर्नेटचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या छोट्या वाद्याचा, सूर तुटतो. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातले काही परके वाटत नाही. कस आणि गोडवा एकत्र नांदू शकतात, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

अलीकडच्या बऱ्याच रचना मात्र बँडांना चाळणी लावण्यासाठीच लिहिल्यासारख्या वाटतात: युफोनियम या मध्यम-खर्ज आवाजाच्या पितळी वाद्याला अतिवेगवान ताना, कॉर्नेटला वरच्या टोकाचे सूर, सतत बदलणारा ताल. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेमुळे 'स्पर्धेचे नाटक' असा एक वेगळाच प्रकार रूढ झाला, तसेच हे आहे. मग सभागृहात इतर बँडांचे वादक आणि त्यांचे नातेवाईक यांच्याखेरीज फारसे कोणी दिसत नाही.

याउलट पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी, म्हणजे 'व्हिट फ्रायडे'ला, डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल अशा गावांत बसगाड्या भरून बँड येतात, रस्त्यावरून वाजवत जातात आणि मग थांबून स्पर्धेचे मार्च, म्हणजे कूच करण्याच्या ठेक्याच्या रचना, वाजवतात. तिथेही परीक्षक नजरेआडच असतो, पण पदपथावर अख्खे गाव उभे असते. जॉर्ज ॲलन यांचे 'नाइट टेम्प्लर' हे मार्च परीक्षकालाही पटते आणि बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरालाही, कारण ते मुळात चालत्या पावलांसाठी लिहिलेले आहे.

म्हणून बँडमास्टरांना माझे सांगणे आहे की, उद्यानातल्या कार्यक्रमात स्पर्धेची पूर्ण रचना घेऊ नये, कारण तिच्यातल्या हळुवार जागा वाऱ्यावर विरून जातात; तिथे मार्च, ऑपेराची एखादी सुरावट आणि 'डीप हार्मनी'सारखी प्रार्थनेची चाल घ्यावी. नवी अवघड रचना बंद सभागृहात, मध्यंतराच्या आधी, श्रोते ताजेतवाने असताना वाजवावी, आणि तिची मुख्य धून सुरुवातीला एकट्या कॉर्नेटवर ऐकवावी, म्हणजे पुढे ती बास ट्यूबांत उमटली तरी श्रोत्याला ओळखू येईल.